नेपाळचे शाह राजे : गादीवर पोर, शिक्का दुसऱ्याच्या हाती

गढीकर | सोमवार, रात्री १०:४०

२८ मे २००८ ला नेपाळच्या संविधान सभेने राजेशाही मोडीत काढली. ५६० विरुद्ध ४ मतं. तेव्हापासून कुठेही वाचा, '२४० वर्षांची राजेशाही संपली' हे एक वाक्य ठरलेलं असतं. १७६८ ते २००८, वजाबाकी बरोबर आहे. पण या २४० वर्षांत राजाने स्वतः राज्य किती वर्षं केलं याचा हिशेब मांडायला बसलं की आकडा भराभर खाली येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं: २००८ ला पडली ती पृथ्वीनारायणाची राजेशाही नव्हतीच. ती महेंद्राने १९६० साली उभी केलेली, जेमतेम अर्धशतक टिकलेली.

सुरुवात मात्र दणक्यात आहे. पृथ्वीनारायण शाह १७४३ साली विसाव्या वर्षी गोरखाच्या गादीवर बसला. गोरखा म्हणजे डोंगरातलं किडुकमिडुक संस्थान. पुढच्याच वर्षी त्याने नुवाकोट घेतलं आणि तिबेटच्या व्यापाराची वाट आवळली. कीर्तिपूरपुढे दोनदा हात टेकले, पहिल्या वेळी सेनापती कालू पांडे मारला गेला. तिसऱ्या वेळी गाव पडलं तेव्हा तिथल्या लोकांची नाकं कापली, हे नेपाळात आजही विसरलेलं नाही. मग सप्टेंबर १७६८, ऐन इंद्रजात्रेचा दिवस. गोरखाली फौज काठमांडूत शिरली, तिथला राजा जयप्रकाश मल्ल पाटणला पळाला आणि पृथ्वीनारायणाने कुमारीच्या, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीच्या, हातून टिळा लावून घेतला. १७७५ मध्ये तो देवीघाटला वारला. मुलगा प्रतापसिंह तेविशीत गादीवर आला आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत गेला.

आता इथून पुढे वयं बघा. रणबहादुर, दोन वर्षांचा. गीर्वाणयुद्ध, दीड. राजेंद्र, तीन. सुरेंद्र, सतरा, पण बापाला उतरवून दुसऱ्याने बसवलेला. पृथ्वीवीर, पाच. त्रिभुवन, पाच. म्हणजे १७७५ ला प्रतापसिंह बसला, त्यानंतर जाणत्या वयाचा माणूस गादीवर बसला तो थेट १९५५ साली: महेंद्र, वय ३४. मध्ये गेली १८० वर्षं!

या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त रणबहादुर खिळवून ठेवतो. आधी आई राजेंद्रलक्ष्मी नायब, ती गेल्यावर काका बहादुर शाह. १७९४ साली पोरगा वयात आला, काकाला बाजूला सारलं, काका पुढे कैदेतच वारला. मग हा प्रेमात पडला कांतवती नावाच्या एका मैथिल ब्राह्मण विधवेच्या. तिची अट अशी सांगतात की माझ्याच मुलाला गादी. थोरला मुलगा रणोद्योत असताना! रणबहादुराने भारदारांकडून, म्हणजे दरबारी सरदारांकडून, शपथेवर सह्या घेतल्या आणि १७९९ साली स्वतः तेविशी-चोविशीत गादी सोडून दीड वर्षाच्या गीर्वाणयुद्धाला बसवलं. स्वतः संन्यास घेतला, नाव स्वामी निर्गुणानंद. कांतवतीला देवी आल्या होत्या असं सांगतात. तिच्यासाठी पूजा, अनुष्ठानं, दानं, सगळं झालं. ती गेली, आणि स्वामी निर्गुणानंदांनी ज्या देवळांत नवस बोलले होते तीच फोडायला घेतली. वैद्यांनाही सोडलं नाही. शेवटी भारदारांनी बंड केलं तेव्हा बनारसला पळाला, १८०४ ला परत आला, आणि १८०६ ला भर बैठकीत सावत्र भावाने, शेरबहादुराने, तलवारीने मारला. त्याचा सूड म्हणून भीमसेन थापाने विरोधक कापून काढले आणि स्वतः मुख्तियार, म्हणजे मुख्य कारभारी, होऊन ३१ वर्षं राज्य केलं. इंग्रजांशी युद्ध झालं, १८१६ ला सुगौलीचा तह लागू झाला, एवढं घडलं तेव्हा गादीवर कोण? गीर्वाणयुद्ध. तोही त्याच वर्षी देवी येऊनच गेला, एकोणीस वर्षांचा.

राजेंद्राने १८३७ ला भीमसेनला काढून थोडा कारभार हातात घेतला खरा, पण १८४३ ला स्वतःच्या हुकमाने सगळे अधिकार धाकट्या राणीला देऊन टाकले. स्वतःहून! पुढचं कोतपर्व बहुतेकांना माहीत असेल. १४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री राणीचा मर्जीतला गगनसिंह घरी पूजेला बसलेला असताना गोळी घालून मारला गेला. राणी तलवार घेऊन कोतात, म्हणजे शस्त्रागाराच्या चौकात, आली आणि सगळ्या भारदारांना बोलावून घेतलं. राजा घोड्यावर बसून इंग्रज रेसिडेन्सीकडे गेला. तो परतेपर्यंत चौकात डझनावारी भारदार मरून पडले होते आणि जंगबहादुर पंतप्रधान झाला होता. वर्षभरात राजेंद्र पदच्युत. भक्तपूरला नजरकैदेत राहिला तो १८८१ पर्यंत. त्याच वर्षी मुलगा सुरेंद्र वारला, पाठोपाठ हा.

मग १९५१ पर्यंत राणांचीच, म्हणजे जंगबहादुराच्या घराण्याची, सत्ता. शाह राजे महालात. त्यावर वेगळं लिहायलाच हवं, इथे विस्तार करत नाही.

हिशेब: १७६८ ते ७७ नऊ वर्षं, रणबहादुराची पाच, राजेंद्राची ओढूनताणून सहा, १९५१ ते ९० मधली एकोणचाळीस, आणि ज्ञानेंद्राचा शेवटचा आततायीपणा. फार तर साठ-बासष्ट वर्षं. बाकी पावणेदोनशेहून जास्त वर्षं लालमोहर, म्हणजे शिक्का, राजाची, ती उठवणारा हात दुसऱ्याचा.

---

मेतकूट | सोमवार, रात्री ११:२५

वाचनखूण साठवली. तो देवळं फोडणारा स्वामी निर्गुणानंद म्हणजे कहरच आहे राव. यावर अजून कुणी मालिका कशी काढली नाही?

राणांवर पण लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चावडीवाचक | मंगळवार, सकाळी ७:०२

लेख आवडला. पण यात नेपाळचं वेगळेपण ते काय? साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे, हे आपण पाहिलंच की. आणि रणबहादुर दोन वर्षांचा असताना गादीवर बसला ते साल १७७७. बरोबर त्याच सुमारास आपल्याकडे सवाई माधवराव, चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं, आणि कारभार बारभाईंचा. त्या काळी हे सगळीकडेच चालायचं.

---

गढीकर | मंगळवार, सकाळी ९:४८

@चावडीवाचक, तुलना पटते, पण एका जागी मोडते. पेशवे शेवटपर्यंत छत्रपतींचे प्रधान म्हणवत राहिले, शिक्क्यावरसुद्धा. जंगबहादुराला तेवढ्यावर भागलं नाही. १८५६ साली त्याने सुरेंद्राच्याच लालमोहरेने स्वतःला कास्की आणि लमजुंगचा महाराजा करून घेतलं. राजाच्या नावामागे पाच 'श्री', याच्या नावामागे तीन. श्री ५ आणि श्री ३, असे दोन राजे एका देशात. सोयरिकीही केल्या: आपल्या मुली युवराज त्रैलोक्याला दिल्या. आणि पंतप्रधानपद बापाकडून मुलाकडे नाही, तर भावाकडून भावाकडे जाणार, असा रोलक्रम लावून दिला. त्यामुळे राणांच्यात पोर कधी वर बसलंच नाही, कायम बाप्या माणूस. शाहांकडे मात्र पाच-पाच वर्षांची मुलं.

सुरेंद्राला गादी मुलाला देऊन मोकळं व्हायचं होतं, तेही जंगबहादुराने होऊ दिलं नाही. छत्रपतींची अवस्था वाईट होती हे मान्य, पण गादी सोडायचीही परवानगी नाही ही त्याच्या पुढची पायरी.

---

बाराखडी | मंगळवार, सकाळी ११:१५

मला मूळ मांडणीच एकांगी वाटते. 'राजा लहान म्हणजे राजेशाही पोकळ' असं गृहीत धरलंय. नेपाळ सगळ्यात जास्त वाढला तो केव्हा? बहादुर शाह नायब असताना, म्हणजे रणबहादुर पोरसवदा असताना. कुमाऊँ १७९० ला घेतलं, गढवालकडून खंडणी. तिबेटवर दोन स्वाऱ्या. १७९२ ला चिनी फौज पार नुवाकोटच्या आसपास येऊन ठेपली, तरी तह करून निभावलं. एवढा पसारा वाढवला तो कोणाच्या नावाने? त्या पोराच्याच ना? गोरखाली शिपाई 'गोरखनाथ आणि राजा' म्हणून लढत होता, त्याला राजाचं वय काय करायचंय?

गादीवर लहान मूल असणं ही भारदारांची सोय होती. घराणी एकमेकांच्या उरावर बसलेली, पांडे, थापा, बस्नेत, चौतरिया. मोठा राजा असला की तो एकाची बाजू घेणार. लहान असला की भांडण मुख्तियारीसाठी, गादीला हात लागत नाही. म्हणून तर एवढी कापाकापी होऊनही शाह घराणं कुणी उखडलं नाही.

---

गढीकर | मंगळवार, दुपारी १२:३०

@बाराखडी, हा मुद्दा चांगलाय, आणि माझ्या बाजूचाच आहे. गादी टिकली कारण तिच्यावरचा माणूस काही करत नव्हता. जंगबहादुराला सुरेंद्राचा काटा काढणं अवघड नव्हतं, त्याने काढला नाही. पण मग १९६० नंतर राजा स्वतः करायला लागला, आणि पन्नास वर्षांत गादी गेली. हे दोन्ही एकत्र वाचा.

---

शेंगदाणा_कूट | मंगळवार, दुपारी १:१०

राणांचा विषय निघालाच आहे तर आपल्या शिंद्यांचा संबंध सांगतो.

१८८५ साली जंगबहादुराच्या पुतण्यांनी, शमशेर भावांनी, पंतप्रधान असलेल्या स्वतःच्या काकाला, रणोद्दीपसिंहाला, गोळ्या घालून मारलं. त्या कटातला एक भाऊ खड्गशमशेर. सत्ता मिळाली वीरशमशेरला, आणि दोन वर्षांतच खड्गशमशेरची रवानगी पाल्पाला. तिथे त्याने कालीगंडकीच्या काठी, बायको तेजकुमारीच्या आठवणीत राणीमहाल बांधला. तानसेनहून उतरून जाता येतं. डोंगराच्या पोटाशी, नदीच्या अगदी कडेला पांढरी युरोपीय धाटणीची इमारत, आजूबाजूला वस्ती म्हणावी तर नाहीच. इथे ही कोणी आणि का बांधली, असा प्रश्न पडतोच. पुढे हा खड्गशमशेर देश सोडून मध्य प्रांतात सागरला येऊन राहिला. त्याच्या मुलीची मुलगी लेखा दिव्येश्वरी. आई बाळंतपणानंतर गेली म्हणून ही आजोळी, सागरलाच वाढली. लग्नानंतर ती झाली विजयाराजे शिंदे, ग्वाल्हेरच्या राजमाता.

पुढच्या पिढीत माधवराव शिंद्यांची पत्नी नेपाळच्या राणा घराण्यातली, आणि बहीण उषाराजे दिली ती पशुपतिशमशेर राणांना, म्हणजे शेवटचे राणा पंतप्रधान मोहनशमशेर यांच्या नातवाला. युवराज दीपेंद्राला जिच्याशी लग्न करायचं होतं असं २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडाच्या सगळ्या बातम्यांत आलं, ती यांचीच मुलगी.

---

दोनआणे | मंगळवार, दुपारी २:४४

अवांतर: शिंदे आणि नेपाळ हे नातं त्याहून जुनं आहे. १८१७ साली, पेंढाऱ्यांच्या मोहिमेच्या तोंडावर, दौलतराव शिंद्यांकडून नेपाळ दरबारी जाणारी पत्रं इंग्रजांनी पकडली होती आणि त्यावरून दौलतरावांची चांगलीच कोंडी केली.

आणि नानासाहेब पेशवे विसरू नका. १८५९ च्या सुरुवातीला बेगम हजरत महल, नानासाहेब, सगळे तराईत शिरले. जंगबहादुर स्वतः ५८ ला लखनौवर इंग्रजांच्या बाजूने फौज घेऊन गेला होता, त्याबद्दल १८६० ला त्याला बाँके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हा तराईचा पट्टा परत मिळाला. बेगमला मात्र त्याने काठमांडूत राहू दिलं, ती १८७९ ला तिथेच वारली. नानासाहेबांचं तराईत नक्की काय झालं यावर आपल्याकडे मारामाऱ्या होतात, तो धागा वेगळा. या सगळ्यात निर्णय कोणाचा होता? श्री ५ सुरेंद्र विक्रमांचं नाव कुठल्याच गोष्टीत येत नाही. गढीकर म्हणतात ते बरोबर.

---

नाणेघाट | मंगळवार, सायंकाळी ६:२०

नाणी जमवणाऱ्यांच्या नजरेतून थोडं.

ज्ञानेंद्र दोनदा राजा झाला हे कितीजणांना माहितीय? नोव्हेंबर १९५० मध्ये त्रिभुवन सहकुटुंब शिकारीच्या निमित्ताने मोटारीतून निघाला, आणि वाटेतल्या भारतीय वकिलातीच्या फाटकातून गाड्या आत घातल्या. मागे राहिला एकटा तीन वर्षांचा नातू ज्ञानेंद्र. मोहनशमशेरने दुसऱ्याच दिवशी त्याला गादीवर बसवलं. वि. सं. २००७ साल घातलेली, ज्ञानेंद्राच्या नावाची नाणीही पाडली! जगाने मान्यता दिली नाही, फेब्रुवारी १९५१ मध्ये त्रिभुवन दिल्लीहून परतला, पण ती नाणी अजून बाजारात मिळतात. पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच माणसाच्या नावाची नाणी, वि. सं. २०५८ ची. दोन्ही शेजारी ठेवली की गढीकरांचा अख्खा धागा एका डबीत मावतो.

नोटांची पण गंमत आहे. राजाचा फोटो जाऊन सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, आला, पण कागद आधीच छापून घेतलेला, त्याच्या जलचिन्हात राजाच. म्हणून त्या जागेवर वरून लालीगुराँस, म्हणजे आपण ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतो ते फूल, छापलं. त्या नोटा उजेडात धरा, फुलाच्या मागे मुकुटासकट ज्ञानेंद्र दिसतो.

---

सांजभूल | मंगळवार, रात्री ९:०५

कुणीच गोरखनाथांच्या शापाबद्दल लिहिलं नाही? पृथ्वीनारायण लहान असताना त्यांनी त्याच्या ओंजळीत दही दिलं, त्याने ते खाल्लं नाही, पायावर सांडलं. दहा बोटांवर पडलं म्हणून दहा पिढ्या राज्य, आणि अकरावीत नाश. २००१ ला ते खरंच झालं ना. मला तर वाचून काटा आला होता.

---

चावडीवाचक | मंगळवार, रात्री ९:३१

ताई, गोष्ट छान आहे, पण मोजून बघा. पृथ्वीनारायण १, प्रतापसिंह २, रणबहादुर ३, गीर्वाण ४, राजेंद्र ५, सुरेंद्र ६, मग त्रैलोक्य ७, कारण तो १८७८ लाच वारला, राजा झाला नाही, पण पिढी आहेच. पृथ्वीवीर ८, त्रिभुवन ९, महेंद्र १०. म्हणजे वीरेंद्र अकरावी पिढी, आणि त्याने १९७२ पासून २९ वर्षं राज्य केलं. त्रैलोक्याला गाळून नुसते राजे मोजले की वीरेंद्र दहावा येतो, मग शाप जमतो. पिढ्यांची बोली होती, राजांची नव्हती.

इनो घेऊन झोपा सगळे :)

---

कोकणकडा | मंगळवार, रात्री १०:५०

शाप वगैरे राहू द्या, १ जून २००१ च्या रात्री खरं काय झालं ते बोला. राजा, राणी, धाकटा मुलगा, मुलगी, सगळे गेले. ज्ञानेंद्र तेव्हा नेमका पोखऱ्याला. त्याच्या मुलाला ओरखडासुद्धा नाही. आणि पहिलं निवेदन काय, तर म्हणे स्वयंचलित बंदुकीतून आपोआप गोळ्या सुटल्या! लहान पोर तरी यावर विश्वास ठेवेल का?

---

गढीकर | मंगळवार, रात्री ११:२०

@कोकणकडा, ते निवेदन हास्यास्पद होतं यात वादच नाही, आणि संशयाला खतपाणी त्यानेच घातलं. पण दुसरी बाजूही मांडा. सरन्यायाधीश केशवप्रसाद उपाध्याय आणि सभामुख तारानाथ रानाभाट यांच्या समितीने वाचलेल्यांच्या जबान्या घेतल्या, त्यात गोळ्या झाडणारा दीपेंद्र असंच आलं. वाचलेले राजघराण्यातलेच होते. ज्ञानेंद्राची बायको स्वतः जखमी झाली होती. दहाजण गेले, त्यात दीपेंद्र धरून. आणि तो बेशुद्ध असताना राजा जाहीर झाला, ४ जूनला वारला. घटनेप्रमाणे दुसरं काही करता येत नव्हतं.

लोकांचा विश्वास बसला नाही आणि बसणारही नाही. वीरेंद्रावर लोकांचा जीव होता. ज्ञानेंद्राच्या अभिषेकाच्या मिरवणुकीत रस्ते गप्प होते, ते तेव्हा टीव्हीवर दिसलंच होतं.

---

भटकी_चप्पल | बुधवार, सकाळी ८:१७

काठमांडूतला नारायणहिटी राजवाडा आता संग्रहालय आहे, कोणालाही जाता येतं. मोबाइल, कॅमेरा बाहेर जमा करावा लागतो. आत जिन्यापाशी भुसा भरलेले वाघ, दालनांना जिल्ह्यांची नावं. सिंहासनाच्या दालनाचं नाव गोरखा बैठक. इमारत अमेरिकी वास्तुविशारद बेंजामिन पोल्कची, महेंद्राच्या काळातली. बाहेरून बघितली तर देऊळ, चर्च आणि सत्तरीतलं सरकारी कार्यालय एकात मिसळल्यासारखी दिसते. मला आवडली नाही.

ज्या त्रिभुवन सदनात गोळीबार झाला ते नंतर पाडून टाकलं. आता फक्त पाया आहे, कोण कुठे पडलं याच्या पाट्या आणि बागेच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा. लोक तिथे गटागटाने उभे राहून कोण कुठून आला, कुठे पळाला याचा नकाशा हवेत काढत असतात. प्रत्येकाचा वेगळा.

---

अण्णू_गोगट्या | बुधवार, सकाळी १०:०५

वीरेंद्राचा 'कट्टो' टीव्हीवर पाहिलेला आठवतोय. राजा गेल्यावर अकराव्या दिवशी एका ब्राह्मणाला बोलावतात, राजाचे कपडे, मुकुटासारखं शिरस्त्राण, राजाच्या वापरातल्या वस्तू सगळं देतात. त्याला जेवायला घालतात, त्या जेवणात मृत राजाच्या देहातलं काही मिसळतात असं सांगतात. मग हत्तीवर बसवून त्याला बागमती ओलांडून खोऱ्याच्या बाहेर घालवतात. परत यायचं नाही. आपल्याकडच्या अकराव्याच्या ब्राह्मणाचीच ही मोठी आवृत्ती, पण इथे माणूसच हद्दपार. त्या ७५ वर्षांच्या म्हाताऱ्याला हत्तीवर चढवताना बघून पोटात कालवलं होतं. दीपेंद्राचाही वेगळा कट्टो झाला, तीन दिवसांचा का होईना राजा ना.

---

रोखठोक_रावसाहेब | बुधवार, दुपारी १२:१२

महेंद्रावर अन्याय होतोय धाग्यात. पूर्व-पश्चिम महामार्ग कोणी काढला? कोदारीचा रस्ता? संयुक्त राष्ट्रांत नेपाळ १९५५ ला गेला. भारत, चीन, अमेरिका, रशिया, सगळ्यांकडून पैसे काढले आणि कोणाच्या खिशात गेला नाही. पृथ्वीनारायण म्हणून गेला होता की आपलं राज्य दोन दगडांमधलं कंद आहे. ते वाक्य प्रत्यक्षात जगला तो महेंद्रच. ६५ साली मकरसंक्रांतीला नागपुरात संघाच्या कार्यक्रमाला येणार होता, आपल्याच सरकारने खो घातला, त्याने शेवटी संदेश पाठवला. आताचे...

[पुढचा मजकूर चालू राजकारणाचा असल्याने काढला आहे. धागा इतिहासाचा आहे. - संपादक]

---

गढीकर | बुधवार, दुपारी ३:३५

@रोखठोक_रावसाहेब, महेंद्र कर्तबगार होता, वाद नाही. माझ्या मते पृथ्वीनारायणानंतरचा सगळ्यात हुशार शाह तोच. पण १९५९ ला नेपाळात पहिली निवडणूक झाली, बी. पी. कोइरालांच्या नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या. दीड वर्षात, १५ डिसेंबर १९६० ला, महेंद्राने निवडून आलेल्या पंतप्रधानाला सैन्य पाठवून अटक केली आणि आठ वर्षं सुंदरीजलला डांबलं. पक्षांवर बंदी, बिनपक्षी पंचायत व्यवस्था, सगळी सूत्रं दरबारात. १९५१ ला लोकांनी त्रिभुवनाचं स्वागत केलं होतं ते राणांचा तुरुंग फोडणारा म्हणून. दहा वर्षांत मुलानेच दुसरा तुरुंग बांधला. रस्ते केले, पण त्या दिवसापासून देशात जे जे बिघडेल त्याचा धनी राजा झाला. आधी तो धनी राणा होता.

वीरेंद्राने ते ओझं उतरवायचा प्रयत्न केला. १९८० ला सार्वमत घेतलं, ५५ टक्क्यांच्या आसपास मतं पंचायतीच्या बाजूने पडली, तरी दहा वर्षांत जनआंदोलन उभं राहिलंच. भारताची नाकेबंदी होती, मीठ-रॉकेलचे वांधे, त्यात रस्त्यावर गोळीबार. एप्रिल १९९० मध्ये त्याने पक्षांवरची बंदी उठवली आणि घटनात्मक राजा व्हायला तयार झाला. हा माणूस वेळेवर थांबला म्हणून लोकांना आवडला. २००५ च्या १ फेब्रुवारीला ज्ञानेंद्राने देशभरचे फोन तोडून सत्ता घेतली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वीरेंद्र नव्हता, बाप होता. फक्त १९६० ला माओवादी नव्हते, आणि सात पक्ष एका बाजूला नव्हते.

---

बाराखडी | बुधवार, सायंकाळी ५:०१

इथे सहमत. तरी एक राहतंच: ज्ञानेंद्र गेला तो मात्र नीट गेला. ११ जून २००८ ला पत्रकार परिषद घेतली, श्रीपेच, म्हणजे राजमुकुट, सरकारजमा केला, नागार्जुनला राहायला गेला. देश सोडला नाही. दक्षिण आशियात गादी सोडून घरी राहिलेले राजे शोधून दाखवा.

---

मेतकूट | बुधवार, रात्री ८:४०

पण मग मार्च २०२५ ला काठमांडू विमानतळाबाहेर हजारो लोक त्याला घ्यायला जमले होते ते काय? 'राजा आऊ, देश बचाऊ'. त्यातलेच काही महिनाअखेरीस तीनकुनेला दंगलीत उतरले, दोघे गेले. लोकांना राजा परत हवाय का?

---

दोनआणे | बुधवार, रात्री ९:१८

लोकांना आत्ताचे नेते नकोयत, त्यासाठी हाताशी असलेला फोटो तो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पोरांनी पंतप्रधान ओलींचं सरकार घालवलं, संसद पेटली, तेव्हा संधी होतीच की. खुर्चीवर कोण बसलं? सुशीला कार्की, माजी सरन्यायाधीश. राजाचं नाव घेणारे होते, पण बोलावणं कुणी धाडलं नाही.

---

रोखठोक_रावसाहेब | बुधवार, रात्री ९:५५

माझा प्रतिसाद अर्धवट कापला तो कुठल्या नियमाने? खरडवहीत उत्तर द्या. हे माझं शेवटचं पोस्ट.

---

सांजभूल | बुधवार, रात्री १०:२२

गढीकर, राणांवर लिहाल तेव्हा त्या रोलक्रमाचं सविस्तर लिहा, भाऊ-भाऊ एवढी वर्षं एकमेकांना न मारता कसे राहिले ते मला कळत नाही.

---

गढीकर | बुधवार, रात्री १०:४७

राहिले कुठे, १८८५ वर वाचलंत ना :) लिहितो. पुढच्या आठवड्यात.